अडतीस प्रश्न आणि सोळा वर्षांची मतदार

९ जून २०२४, रविवार. आमची इरा आयुष्यातलं पहिलं मत द्यायला निघाली तेव्हा तिला सोळा पूर्ण होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. श्टुटगार्टमध्ये आमच्या घराजवळच्या शाळेत केंद्र होतं. मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले, कारण आत मला मत नव्हतं. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. तिच्या बाबांनी मागेच जर्मन नागरिकत्व घेतलं, आणि इराला जन्मतःच ते मिळालं. ती जन्मली तेव्हा बाबांना इथे कायदेशीर राहून आठ वर्षं झाली होती.

म्हणजे घरात तीन माणसं आणि मतं दोन. त्यातलं एक दहावीतल्या मुलीचं. ते मत द्यायच्या आधी तिनं, आणि तिच्यामुळे आम्ही सगळ्यांनी, जे साधन वापरलं त्याबद्दल मी आज लिहिते आहे. त्याचं नाव वाल-ओ-मात. 'वाल' म्हणजे निवडणूक, 'मात' हे आटोमात म्हणजे यंत्र या शब्दाचं शेपूट. वेबसाइट आहे, अॅपही आहे, पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. जर्मन सरकारची राजकीय शिक्षणासाठीची एक केंद्रीय संस्था आहे, बॉनला. ती २००२पासून हे चालवते. मूळ कल्पना शेजारच्या नेदरलँड्सची.

वापरायला अगदी सोपं आहे. पडद्यावर एक विधान येतं, एका ओळीचं. खाली बटणं: सहमत, तटस्थ, असहमत. प्रश्न सोडून पुढे जायचीही सोय आहे. अशी ३८ विधानं. ती संपली की विचारतात, यातले कुठले मुद्दे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचे? त्यांना दुप्पट वजन देता येतं. मग तुमची उत्तरं आणि पक्षांची उत्तरं जुळवून टक्के दाखवतात. २०२१च्या संसदेच्या निवडणुकीत हे २ कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं.

पण टक्के हा यातला सगळ्यात कमी मोलाचा भाग आहे, असं माझं मत झालं आहे. कारण सांगते.

पक्षांची उत्तरं संस्थेनं ठरवलेली नसतात. प्रत्येक विधान पक्षाकडे जातं, पक्ष स्वतः सहमत की असहमत ते कळवतो आणि सोबत चार ओळींत कारण लिहून देतो. निकालाच्या पानावर कुठल्याही विधानाखाली ही कारणं उघडून वाचता येतात. एकाच विधानाला 'असहमत' म्हणणाऱ्या दोन पक्षांची कारणं एकमेकांच्या पार विरुद्ध असू शकतात. एक म्हणतो हे जास्त होतंय, दुसरा म्हणतो हे फारच कमी आहे. हे टक्क्यांमध्ये दिसत नाही, कारणांमध्ये दिसतं. इराला ही खोड लागली आणि मग तिनं आम्हालाही लावली.

आणि ही विधानं कोण लिहितं? इथे मला या साधनाचा फार आदर वाटतो. दर निवडणुकीला तरुण मतदारांचा एक गट बसवतात, सगळे २६च्या आतले. त्यांच्यासोबत राज्यशास्त्राचे अभ्यासक असतात. ही पोरं पक्षांचे जाहीरनामे वाचतात, गरजेपेक्षा जास्त विधानं तयार करतात, ती पक्षांना पाठवतात, आणि ज्यांवर पक्षांमध्ये खरा फरक दिसतो अशी ३८ शेवटी ठेवतात. सगळेच पक्ष ज्याला हो म्हणतील ते विधान ठेवून उपयोग काय? देशाच्या निवडणुकीत काय विचारायचं हे विशी-पंचविशीतल्या मुलांवर सोपवलं, आणि वीस वर्षांहून अधिक काळ अख्खा देश त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आहे. ज्यांना वाटतं तरुणांना राजकारण कळत नाही, त्यांनी ही विधानं एकदा वाचावीत.

त्या मे महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं ते मी विसरणार नाही. युरोपीय संघात २०३५नंतर पेट्रोल-डिझेलची नवी गाडी विकता येऊ नये असा नियम झालेला, आणि तो ठेवायचा की बदलायचा हा त्या निवडणुकीतला मोठा वाद. आमचं हे गाव गाड्यांचं. इराचे बाबा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहेत, तेही इंजिनाकडच्या विभागात. आमचं घराचं कर्ज त्या इंजिनावर चालतं. इरानं बटण दाबायच्या आधी बाबांना विचारलं, "तुमचं काम जाईल का?" ते म्हणाले, "माहीत नाही." मग तिनं एकेका पक्षाचं कारण मोठ्यानं वाचून दाखवलं. कामगारांचं पुढे काय, याबद्दल कोण काही म्हणतो आणि कोण नुसतं 'भविष्य' 'भविष्य' करतो, ते दोघांनी मिळून शोधलं. तासभर गेला त्या एका विधानात. पोळ्या गार झाल्या. बाबांनी एक बटण दाबलं, तिनं दुसरं, आणि तिच्या बाबांनी मला नंतर सांगितलं की कंपनीत वर्षभर या विषयावर बोलतायत पण इतक्या शांतपणे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या शाळेत याचाच कागदी अवतार लावला होता. मोठमोठे तक्ते, त्यांवर विधानं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपल्या मताच्या रकान्यात रंगीत ठिपका चिकटवायचा. इंटरनेट नाही, काही नाही. शाळांसाठी आणि चौकाचौकांत लावण्यासाठी ही आवृत्ती मुद्दाम काढलेली आहे. इरा म्हणाली, ठिपका लावताना मागे कोणी उभं असलं की हात थबकतो. मग मराठीचा तास नसतानाही मी तिला 'गुप्त मतदान' हे दोन शब्द शिकवले. तिला ते आवडले. गुप्त म्हणजे फक्त लपवलेलं नाही, जपलेलं, असं मी तिला सांगितलं. 'गुप्तधन' शब्दासारखं.

त्या दिवशी महापालिकेचीही निवडणूक होती. त्यासाठीची मतपत्रिका आधीच घरी टपालानं येते, आणि ती एक चोपडीच असते. नगरसेवक ६०, म्हणून प्रत्येक मतदाराला ६० मतं. एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, वेगवेगळ्या यादीतली नावं उचलता येतात. इरानं दोन संध्याकाळी पेन्सिल घेऊन ती भरली. युरोपच्या मतपत्रिकेवर तीसहून जास्त पक्ष, ती हातभर लांब. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, महापालिकेला सोळाव्या वर्षी मत २०१४च्या निवडणुकीपासूनच आहे. युरोपच्या निवडणुकीला मात्र २०२४ची ही पहिलीच वेळ. त्यासाठीचा कायदा जर्मन संसदेनं २०२२च्या नोव्हेंबरमध्ये केला.

संध्याकाळी सांगलीला आईला व्हिडिओवर सांगितलं. तिला ऐकूनच मजा वाटली. "काय गं, तिला मत आलं होय? अजून शाळेत जाते की!" मग ती तिच्या पहिल्या मताबद्दल बोलली. १९६७. ती एकवीस पूर्ण करून बावीशीत होती, तेव्हा कायदा एकवीसचाच होता. लग्न झालेलं, कडेवर माझा मोठा भाऊ. सासऱ्यांनी सांगितलं, बैलजोडी, म्हणजे काँग्रेसची तेव्हाची निशाणी. "मी मारला शिक्का. आणखी काय होतं त्यात वेगळं, मला कुणी सांगितलंही नाही, मी विचारलंही नाही." इरानं हे दोनदा सांगायला लावलं. तिला 'सासऱ्यांनी सांगितलं' हा भाग समजतच नव्हता.

आपल्याकडे अठरा झालं ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं, मार्च १९८९पासून. तेव्हा मी सातवीत होते, पण घरातली चर्चा आठवते. आमचे एक शेजारी रोज पेपर वाचून म्हणायचे, आता कॉलेजातली टारगट पोरं देश चालवणार. माझी मावसबहीण तेव्हा एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती, रात्रपाळी करत होती, पगारातून घरी पैसे पाठवत होती. तिला हे ऐकून डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. माझं पहिलं मत १९९६चं, एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा तोच वाद कोणाच्या तोंडी उरला नव्हता. सात वर्षांत संपला तो. आईला एकवीस, मला अठरा, लेकीला सोळा. तिन्ही वेळा 'यांना काय कळतंय' हे वाक्य तेच होतं, फक्त वय बदललं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते.

जून २०२४मध्ये मत देऊन आलेली ही मुलगी २३ फेब्रुवारी २०२५च्या संसदेच्या निवडणुकीत मतदार नव्हती. कारण संसदेसाठी वय अठरा आहे आणि ते घटनेत लिहिलेलं आहे. बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. २०२१च्या सरकारनं आपल्या करारात सोळा करायचं लिहिलं होतं, पण तेवढं बहुमत नव्हतं. युरोपची संसद निवडायला ती शहाणी, आपल्या शहराचे साठ नगरसेवक निवडायला शहाणी, आणि आठ महिन्यांनी, तेवढ्यानं मोठी झाल्यावर, बर्लिनसाठी अजाण. मला याचं एकही कारण पटत नाही. मी प्रामाणिकपणे शोधलं.

तरी तिनं फेब्रुवारीत वाल-ओ-मात उघडलंच. मी शेजारी बसले होते. त्या ३८ विधानांत एक होतं, तरुणांना एक वर्ष समाजसेवा सक्तीची करावी. एक होतं, विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी शिक्षणमदत यापुढेही आईबापांचं उत्पन्न बघूनच द्यावी. एक होतं, चौदा वर्षांखालच्या मुलांनाही फौजदारी शिक्षा व्हावी. ती एकेकाला उत्तर देत गेली. सक्तीच्या वर्षापाशी थांबली आणि म्हणाली, "आई, हे वर्ष माझं आहे ना? मग यावर मत आजोबांच्या वयाच्या लोकांनी द्यायचं आणि मी नाही?" रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच यादीत दुहेरी नागरिकत्वाचंही विधान होतं, ते माझ्या आयुष्याचं, आणि त्यावर मलाही मत नाही. जर्मनीनं २०२४च्या जूनमध्ये दुहेरीला परवानगी दिली, पण भारत देत नाही, म्हणून मी अजून भारताचीच नागरिक आहे. आम्ही दोघी शेजारी बसून एका निवडणुकीच्या प्रश्नांना उत्तरं देत होतो, जिच्यात दोघींनाही मत नव्हतं.

मधेच आईचा फोन आला. इरानं तिलाही एक विधान मराठीत करून विचारलं, सेंद्रिय शेतीला साध्या शेतीपेक्षा जास्त मदत द्यावी का? आमची तासगावकडे थोडी द्राक्षं आणि ऊस आहे. आई म्हणाली, "सेंद्रिय म्हणजे शेणखत ना? घालावं की. पण तीन वर्षं उतारा कमी येतो, ते भरून कोण देणार, ते लिहिलंय का त्यात?" इरानं पक्षांची कारणं उघडली आणि आजीचा प्रश्न घेऊन एकेक वाचली. घट कोण भरून देणार हे दोन-तीन ठिकाणीच धडपणे लिहिलेलं सापडलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं विचारलेलं आणि सोळा वर्षांच्या पोरीनं शोधलेलं. या साधनाला मी चांगले गुण देते ते अशा संध्याकाळींमुळे.

त्याच फेब्रुवारीत इथे अठराच्या आतल्यांची लुटुपुटूची निवडणूक झाली, देशभर, खऱ्या निवडणुकीच्या आधी. बर्लिनमध्ये १९९६ला सुरू झालेला उपक्रम आहे. इरानं तिथे मत दिलं. त्यात डावा पक्ष, दी लिंके, पहिला आला. पण जून २०२४मध्ये खऱ्या मतदानात १६ ते २४ वयोगटाचं चित्र वेगळं होतं. मतदानोत्तर चाचणीत ख्रिश्चन डेमोक्रॅट १७ टक्के, उजव्या टोकाचा एएफडी १६, आणि ज्यांनी वय कमी करण्यासाठी आवाज उठवला ते ग्रीन ११वर घसरलेले. त्या रात्री टीव्हीवर काहींचे चेहरे उतरले. आमच्या ओळखीतली काही माणसं, जी आधी सोळाच्या बाजूनं होती, ती म्हणू लागली की घाई झाली.

मला या बोलण्याचा त्रास झाला. मला एएफडी पटत नाही, परदेशी बाईला ते सांगायलाही नको. पण मूल आपल्याला हवं तिथे ठिपका लावेल या अटीवर दिलेला अधिकार म्हणजे माझ्या आजोबांचं 'बैलजोडी'च झालं की. चुकीचं मत पंचेचाळीस वर्षांचा माणूसही देतो, आणि त्याचा अधिकार कोणी काढत नाही.

साधनातल्या उणिवांबद्दलही लिहायला हवं. ३८ ओळींत देश मावत नाही. पक्ष आज काय म्हणतो एवढंच यात आहे. सत्तेत असताना त्यानं काय केलं, ते यात नाही. ते दुसरीकडे वाचावं लागतं, आणि सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगणारं कोणी घरात हवं. टक्क्यांना मोहून जाऊ नये. पहिल्या आणि चौथ्या पक्षात कित्येकदा तीन-चार टक्क्यांचा फरक असतो, तेवढा एका विधानाला दुप्पट वजन दिलं तरी पालटतो. आम्ही मुद्दाम पालटून बघितला. ही मतदानाची शिफारस नाही, असं संस्था स्वतःच सांगते. आणखी एक गोष्ट, पूर्वी एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता यायची. छोट्या पक्षांचं नुकसान होतं म्हणून व्होल्ट पक्ष २०१९मध्ये कोलोनच्या न्यायालयात गेला, न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं, आणि आता सगळ्या पक्षांशी तुलना होते. चूक दाखवली आणि ती दुरुस्त झाली. मला हे फार चांगलं वाटतं. भाषा मात्र कार्यालयीन जर्मन आहे, सोपी करण्याचा प्रयत्न असला तरी. बाहेरून आलेल्या आईबापांनी मुलांशेजारी बसावं, म्हणजे दोघांचंही जर्मन सुधारतं.

महाराष्ट्रात काय करावं असं मला भाऊ विचारतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझं म्हणणं असं, की एकदम लोकसभेला सोळा करा असं मी म्हणणार नाही. जर्मनीतही सुरुवात गावापासून झाली, नीडरझाक्सन राज्यात १९९६ला, नगरपालिकांपासून. ऑस्ट्रियानं २००७ला सगळ्याच निवडणुकांना सोळा केलं. तसं आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून का करू नये? पाण्याची टाकी, शाळेचं संडास, एसटीची वेळ, हे अकरावीतल्या मुलीला सरपंचापेक्षा जास्त माहीत असतं, कारण रोज सकाळी फाट्यावर तीच उभी असते. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो, ही सोय निवडणूक आयोगानं २०२२ला केली आणि ती उत्तम आहे. त्याच्या शेजारी असं एक मराठी साधन हवं. प्रश्न मुलांनी काढलेले, उत्तरं पॅनेलनं स्वतः लिहून दिलेली, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात तक्ता आणि ठिपके. भाऊ म्हणाला, तक्ता तर उद्याही लावता येईल.

माझे गुण: पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो भाषेसाठी.

येत्या ८ मार्च २०२६ला आमच्या राज्याच्या विधानसभेची निवडणूक आहे. राज्यानं २०२२ला कायदा बदलला, आता त्यालाही सोळा पुरेत. इरा अठराची होते २० मार्चला. जुना कायदा असता तर बारा दिवसांनी मत हुकलं असतं आणि पुढची पाच वर्षं ती बाहेर बसली असती. आता ती जाणार आहे. तिनं जूनमध्ये कोणाला मत दिलं ते मी विचारलेलं नाही, आणि तिनंही सांगितलेलं नाही. शाळेच्या दारासमोरचा तो बाक मात्र मला माहीत आहे. मार्चमध्ये तिथे थंडी असते, शाल घेऊन जाईन.